सांबरीणबाई आणि उंबराखालची शाळा

डोंगराच्या उतारावर, जिथे दोन ओढे एकमेकांना मिळून पुढे एकच होतात, तिथे एका जुन्या उंबराखाली जनावरांची शाळा भरत असे. आईचं बोट सुटलेली, पण अजून एकट्याने रान तुडवण्याइतकी शहाणी न झालेली पोरं या शाळेत येत. वानरांची येत, सशांची येत, चितळांची, पाणमांजरांची आणि रानडुकरांचीही येत. आवारात कुणी कुणाला खायचं नाही, हा शाळेचा जुना नियम होता आणि तो सगळे पाळत.

या शाळेचे मुख्याध्यापक होते एक गवा. काळाकभिन्न देह, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, आणि आवाज असा की ते एकदा डुरकले की उंबरावरची पिकली फळं टपाटप खाली पडत. ते आवारात आले की पोरं गप्प, गुरुजी गप्प, पाखरंसुद्धा गप्प. पलीकडच्या खोऱ्यात कोळसुंद्यांची टोळी राहत असे. कोळसुंदे म्हणजे तांबड्या अंगाचे रानकुत्रे. एकेकटा कोळसुंदा काही फार मोठा नसतो, पण टोळी आली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. ही टोळीसुद्धा गव्याच्या धाकाने शाळेकडे फिरकत नसे.

पण मुलांनो, धाकाची एक गंमत आहे. तो ज्याचा असतो, त्याच्याबरोबरच निघून जातो. गवा म्हातारे झाले, त्यांचे गुडघे धरू लागले, आणि एके दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन ते घाटापलीकडच्या गवताळ माळावर विश्रांतीला गेले. मग रानातल्या पंचायतीने विचार करून एका सांबरिणीला मुख्याध्यापक नेमलं.

ही सांबरीण शाळेत बरीच वर्षं कान देण्याचा विषय शिकवत होती. वाळलं पान वाऱ्याने वाजलं की पावलाने, पाऊल खुराचं की पंजाचं, हे ती पोरांना डोळे मिटून ओळखायला लावी. बाई मायाळू होत्या, हुशार होत्या, आणि शाळेचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे. मुख्याध्यापक झाल्यावर पोरं त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणू लागली.

मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना उंबराखाली जमवलं. रात्रभर मनाशी घोळवलेलं एक वाक्य त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “आपली शाळा या साऱ्या डोंगरात सर्वश्रेष्ठ झाली पाहिजे!”

सगळ्यांनी शेपट्या हलवल्या. बाईंनी ते वाक्य ओढ्याकाठच्या मोठ्या खडकावर कोरून घेतलं. पोपटांच्या पोरांनी ते लगेच पाठ केलं आणि सकाळ-संध्याकाळ ‘सर्वश्रेष्ठ, सर्वश्रेष्ठ’ असा घोष सुरू केला. बाईंना बरं वाटलं. झालं, आता गाडं रुळावर आलं, असं त्या स्वतःशी म्हणाल्या.

पण वाक्य खडकावर गेलं, मनात गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापल्या वाटेने आपापलं काम करू लागला.

झाडावर चढायला शिकवणारे वानरगुरुजी म्हणत, “ज्याला फांदी धरता येत नाही, त्याने शाळेत यावंच कशाला? सर्वश्रेष्ठ व्हायचं तर माझ्या वर्गाकडे बघा!” पोहायला शिकवणाऱ्या पाणमांजरबाई मिशांवरचं पाणी झटकत म्हणत, “डोहात उतरू दे एकेकाला, मग कळेल कोण श्रेष्ठ ते.” आवाराची देखरेख करणारे साळिंदरकाका तर कुणाशी बोलतच नसत. कुणी काही विचारलं की काटे फुलवून म्हणत, “माझं काम कुंपणापुरतं. बाकीचं मला विचारू नका.”

मोठी माणसं जशी वागतात तशीच पोरं वागतात, आणि जनावरांचंही तसंच असतं. वानरांची पोरं वरच्या फांद्यांवर बसून खालच्यांवर उंबरं फेकत. पाणमांजरांची पोरं डोहाजवळ दुसऱ्या कुणाला येऊ देत नसत. आणि सगळे मिळून हसत ते रानडुकरिणीच्या पोरीला. ही पोर अंगाने थोराड होती. झाडावर चढायला गेली की फांदी मोडे, पाण्यात उतरली की अर्धा डोह काठावर येई. तिचं नाव पडलं ‘ढेकूळ’. बिचारी करवंदीच्या जाळीमागे एकटीच बसून नाकाने माती उकरत राही.

मोठ्या बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्या खडकाकडे बघत आणि म्हणत, “हळूहळू सुधारतील.”

सुधारायला वेळ मिळाला नाही. गवा गेल्याची बातमी खोऱ्यापलीकडे पोचलीच होती. एका दुपारी पोरं डबा खायला पांगली असताना उतारावरून एक बारीक शीळ आली. मग दुसऱ्या बाजूने दुसरी. मोठ्या बाईंचे कान ताठ झाले. ती शीळ त्यांना ओळखू येत होती.

“कोळसुंदे!” त्या ओरडल्या.

क्षणात पळापळ झाली. वानरगुरुजी आणि त्यांची पोरं शेंड्यावर गेली. पाणमांजरं डोहात बुडी मारून दिसेनाशी झाली. ससे बिळांत घुसले, चितळं उधळली, साळिंदरकाका काटे ताठ करून खडकाला पाठ लावून उभे राहिले. ज्याला जे येत होतं ते त्याने केलं, आणि उत्तम केलं. फक्त रानडुकरिणीची पोर तेवढी मोकळ्या आवारात उरली. कुठे जावं तेच तिला कळेना.

कोळसुंद्यांना तेच हवं होतं. एकटं पोर दिसताच टोळी तिच्याभोवती गोल झाली. एकाने झेप घेऊन तिचा कान धरला. तेवढ्यात मोठ्या बाई मधे घुसल्या. त्यांनी पुढचे खूर असे काही झाडले की एक कोळसुंदा दूर जाऊन पडला. त्यांनी पोरीला डोक्याने ढकलत ढकलत डोहात नेलं आणि स्वतः पोटापर्यंतच्या पाण्यात तिच्यापुढे उभ्या राहिल्या. खोल पाण्यात सांबराशी झुंजायची कोळसुंद्यांची तयारी नसते. टोळीची म्होरकी काठावर बराच वेळ बसून राहिली, आणि मग उठत म्हणाली, “आज राहू दे. या शाळेत रोज कुणी ना कुणी एकटं सापडेल.”

कोळसुंदे गेले. पोर वाचली, पण तिचा कान मात्र उभा फाटला.

संध्याकाळी पोरीची आई आली. पोरीच्या कानाला चिखलाचा लेप होता. रानडुकरीण खडकापुढे उभी राहिली, आणि तिने मोठ्या बाईंना विचारलं, “बाई, तुम्ही माझ्या पोरीला वाचवलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण या दगडावर काय लिहिलंय, ते मला एकदा सांगा.”

बाई म्हणाल्या, “आपली शाळा सर्वश्रेष्ठ झाली पाहिजे.”

“आणि माझी पोर मैदानात एकटी उभी होती, तेव्हा हे सगळे श्रेष्ठ कुठे होते?”

रानडुकरीण पोरीला घेऊन निघाली. जाताना म्हणाली, “उद्यापासून ती यायची नाही.”

त्या रात्री बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पंचायतीचा निरोप आला : ‘जमत नसेल तर सांगा, एखादा बलदंड मुख्याध्यापक बघू.’ शाळेतही कुजबुज सुरू झाली की बाईंना गव्यासारखं डुरकता येत नाही, म्हणून ही वेळ आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की मुख्याध्यापक झाल्यापासून आपण पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकतो आहोत. पोरांना कान द्यायला शिकवणाऱ्या आपण, आणि खुर्ची मिळताच नुसत्या बोलत सुटलो! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटून घरी बसणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी पंचायतीला उलट निरोप धाडला, “जमेल. थोडा धीर धरा.”

मग बाई एकेकाकडे जाऊ लागल्या. कुणाला बोलावून घेतलं नाही. ज्याच्या त्याच्या जागी स्वतः गेल्या. सगळ्यांना एकच विचारत, “इथून बाहेर पडणाऱ्या पोराला काय यावं असं तुम्हाला वाटतं?” एवढं विचारून गप्प बसत. मधे बोलत नसत, चूक काढत नसत, ‘पण’ म्हणत नसत.

पाणमांजरबाई आधी आखडून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “खरं सांगू? त्या दिवशी मी बुडी मारली, आणि पाण्याखाली मला त्या पोरीचं ओरडणं ऐकू येत होतं. मी वर आले नाही. तेव्हापासून मला मासा गोड लागत नाही.” सशांची पोरं म्हणाली, “आम्हाला बिळाबाहेर थोडं जास्त वेळ खेळायचंय, पण भीती वाटते.” वानरगुरुजी मात्र फांदीवरून खाली उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “बाई, चढता यावं. बस्स.” बाई म्हणाल्या, “बरं,” आणि पुढे गेल्या.

साळिंदरकाकांकडे जायला बाईंनाही थोडं अवघड वाटत होतं. काका कुंपणाजवळ वाळकी पानं बाजूला सारत होते. बाईंनी प्रश्न विचारला. काकांचे काटे फुलले, आणि मग हळूहळू खाली बसले.

“मला हे कुणी कधी विचारलंच नाही,” ते म्हणाले.

“म्हणून तर आले.”

“मला शिकवण्यातलं कळत नाही, बाई. पण शाळा सुटली की मी लगेच जात नाही. पोरं आपापल्या वाटेला लागेपर्यंत इथे उभा असतो. शेवटचं पोर दिसेनासं झालं की मग निघतो. त्या दिवशी दुपारी तेवढी माझी छाती झाली नाही.” एवढं बोलून काका पुन्हा पानं सारू लागले.

इतकी वर्षं रोज हा खडूस गडी पोरांची पाठराखण करतो आहे, आणि आपल्याला पत्ताच नाही! “काका, हे तुम्ही सगळ्यांना सांगाल?” त्यांनी विचारलं.

“छे! मला नाही तसलं बोलता येत.”

बाईंनी आग्रह केला नाही. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या काकांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही राहिल्या. मग एकदा पाणमांजरबाई ओल्या अंगाने आल्या आणि काही न बोलता तिसऱ्या उभ्या राहिल्या. पोरांनी मागे वळून पाहिलं. आपल्याला कुणीतरी नजरेने घरापर्यंत सोडतं आहे, हे त्यांना फार आवडलं. पुढे पुढे मोठी पोरं धाकट्यांसाठी थांबू लागली. हे करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी पुन्हा एकदा सगळ्यांना जमवलं. या वेळी पोरं होती, गुरुजी होते, आणि आईबापही होते. बाईंनी रानडुकरिणीच्या जाळीपाशी जाऊन तिला आणि तिच्या पोरीला स्वतः आमंत्रण दिलं होतं. सगळे बसल्यावर बाई खडकाजवळ गेल्या आणि त्यांनी खुराने ते कोरलेलं वाक्य खरडून टाकलं. पोपट एकदम गप्प झाले.

बाई म्हणाल्या, “हे वाक्य माझं एकटीचं होतं, म्हणून ते टिकलं नाही. आता आपण सगळ्यांचं शोधू. नाही सापडलं, तर दगड कोरा राहू दे.”

मग काय विचारता! एकच कलकलाट झाला. वानरगुरुजी चढण्याबद्दल बोलले, चितळं पळण्याबद्दल बोलली, कुणी म्हणालं धाक हवा, कुणी म्हणालं खेळ हवा. रानडुकरीण म्हणाली, “माझी पोर घरी धड परत यायला हवी, मला दुसरं काही नको.” पाणमांजरबाई म्हणाल्या, “धोका आला तर ओढा ओलांडून पलीकडच्या कातळावर पोचता आलं पाहिजे. तिथे कोळसुंदे येत नाहीत.”

एक ससुला चटकन बोलला, “पण बाई, मी पोचलो आणि माझ्या शेजारचा मागेच राहिला तर?”

सगळे थांबले. गर्दीच्या मागून साळिंदरकाका खेकसले, “मग तू कुठे पोचलास? शेजारचा पोचला, की तू पोचलास!”

उंबराचं एक फळ डोहात पडलं, तेवढाच आवाज झाला. मग रानडुकरिणीची पोर हळूच म्हणाली, “शेजारचा पोचला, की मी पोचले.” तिच्या बाजूला बसलेल्या सशाने ते पुन्हा म्हटलं. मग चितळांनी म्हटलं. बाईंनी चारी बाजूंना नजर फिरवली, आणि त्यांना कळलं की वाक्य सापडलं. दगडावर कोरायची आठवण कुणालाच झाली नाही.

वाक्य सापडलं म्हणजे काम संपलं, असं मात्र या वेळी बाईंनी मानलं नाही. उलट खरं काम आता सुरू झालं. शाळेत प्रत्येकाला एक जोडीदार मिळाला, आणि तो आपल्या जातीचा नसावा असं ठरलं. सशाला पाणमांजर, चितळाला वानर. पाणमांजरबाई ओढ्याचा उथळ उतार कुठे आहे, तिथे कोणत्या दगडावर पाय ठेवायचा, हे न पोहणाऱ्यांना शिकवू लागल्या. आवारापासून त्या उतारापर्यंत मधे करवंदीचं घनदाट रान होतं. बाईंनी रानडुकरिणीच्या पोरीला विचारलं, “यातून वाट काढता येईल का गं?” पोरीने मुंडी खाली घातली आणि बघता बघता जाळ्या दोन बाजूंना सारत आरपार गेली. तिच्यामागे एक छान बोगदा तयार झाला. त्या दिवसापासून ‘ढेकूळ’ हे नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही. कुणी कुणाला मदत केली की शाळा सुटताना बाई ते सगळ्यांसमोर आवर्जून सांगत. चूक असली तर एकट्याला बाजूला घेऊन सांगत.

वानरगुरुजी मात्र अजून शेंड्यावरच होते. “जोड्या लावायला हे काय लग्नकार्य आहे?” असं ते म्हणत. बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्याइतकं उंच कुणी जात नाही. वर गेल्यावर खालच्यांकडे बघायचं, एवढं तुमच्या पोरांना शिकवाल?” गुरुजींनी शेपूट झटकली. पण उंचीचा मान मिळाला होता, म्हणून म्हणाले, “बघू.”

ऊन तापू लागलं, ओढा बारीक झाला. पंचायतीने मोठ्या बाईंना शाळेची हकीकत सांगायला डोंगरापलीकडे बोलावलं. पहिल्यांदाच शाळा सोडून जाताना बाईंचं पाऊल अडखळलं, पण त्या गेल्या. हकीकत सांगून त्या परत निघाल्या आणि डोंगराच्या धारेवर आल्या. खाली उंबर तळहाताएवढा दिसत होता. तेवढ्यात वाऱ्यावर ती शीळ आली. एक, दोन, मग चारी बाजूंनी.

उतार सरळ तुटलेला होता. खाली पोचायला वळसा घालून जावं लागणार होतं. इथून ओरडलं तरी कुणाला ऐकू जाणार नव्हतं. आवाराच्या कडेने तांबडे ठिपके सरकताना त्यांना स्पष्ट दिसले.

आणि त्याच क्षणी उंबराच्या शेंड्यावरून ‘खॉक! खॉक!’ असा आवाज घुमला. वानरगुरुजींच्या पोरांनी आधीच पाहिलं होतं. ती खाली बघत होती!

बाई पाहत राहिल्या. पोरं उधळली नाहीत. दोन दोन करून ती जवळ आली. रानडुकरिणीची पोर सर्वांत पुढे झाली आणि करवंदीच्या बोगद्यात शिरली. तिच्यामागे ससे, सशांच्या दोन्ही अंगांना चितळं. सर्वांत मागे साळिंदरकाका मागच्या बाजूला काटे उभारून, पावलापावलाने पुढे सरकत होते. वरून वानरांची पोरं फांद्याफांद्यांवरून ओरडून सांगत होती, “डावीकडे एक आलाय! जवळ जवळ चाला!” उतारापाशी पाणमांजरं पाण्यात उभी राहिली होती आणि एकेकाला दगडावरून पुढे घेत होती.

कोळसुंदे भोवती फिरत राहिले. ते एकट्याला शोधत होते. म्होरकीने एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. आणि मग तिला हवं ते दिसलं. गडबडीत रांगेच्या कडेला ससुल्याचा पाय वेलीत अडकला होता. त्याची जोडीदार पाणमांजर त्याला सोडून गेली नव्हती, पण तिच्या दातांना ती वेल तुटेना. रांग दहा पावलं पुढे गेली होती. म्होरकी जमिनीसरपट झाली.

बाईंच्या तोंडून नकळत शब्द निघाले, “कुणीतरी बघा रे तिकडे!”

उंबरावरून एक राखाडी देह धप्पकन जमिनीवर पडला. ते वानरगुरुजी होते. आजवर ज्यांनी शाळेच्या जमिनीला पाय लावला नव्हता, ते कोळसुंद्यांच्या पुढ्यात उतरले होते! त्यांनी दोन्ही हातांनी वेल ओढून तोडली, ससुल्याला काखेत मारलं, पाणमांजरीला शेपटीने पुढे लोटलं. म्होरकीने झेप घेतली, पण तोवर साळिंदरकाका उलटे धावत मधे आले होते. म्होरकीच्या नाकात काटे घुसले आणि ती केकाटत मागे फिरली. रांग थांबली होती. चौघे आत आल्यावरच ती पुढे सरकली.

थोड्याच वेळात सगळी शाळा पलीकडच्या कातळावर होती. म्होरकी नाक चाटत म्हणाली, “चला इथून. इथे एकटं कुणी राहिलेलं नाही.” टोळी खोऱ्याकडे वळली.

बाई वळशाच्या वाटेने जीव तोडून धावत आल्या. येऊन बघतात तो कातळावर भांडण चाललेलं. वानरगुरुजी साळिंदरकाकांना म्हणत होते, “तुमचा एक काटा माझ्या मांडीत गेला!” आणि काका म्हणत होते, “मग मधे कशाला उभे राहिलात?” पण बोलता बोलता काका दातांनी तो काटा हळूच काढत होते. पाणमांजरबाई पोरांची गणती करत होत्या. बाई आल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आपण नसताना सगळं झालं, आपल्यावाचून काही अडलं नाही, हे बघून बाईंच्या मनात क्षणभर काहीतरी हललं. पण क्षणभरच. मग त्यांना असा आनंद झाला की दम लागलेला असूनही त्या मोठ्याने हसल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“कुणी हुकूम दिला होता रे?” त्यांनी विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजींनी पोरांकडे पाहिलं. शेवटी रानडुकरिणीची पोर म्हणाली, “हुकूम कशाला हवा, मोठ्या बाई? आमचं ठरलेलंच होतं ना.” मग फाटका कान हलवत तिने जरा रागानेच विचारलं, “पण तुम्ही डोंगरावरून एकट्या कशा आलात? तुमच्या जोडीला कुणीच नव्हतं?”

मोठ्या बाईंनी मान खाली घातली. “चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या.

“पुढच्या खेपेला मी येईन,” वानरगुरुजी मांडी चोळत म्हणाले. “पण चालत. फांदीवरून तुमच्याशी बोलता येत नाही.”

मग ऊन कलल्यावर सगळे मिळून ओढा उतरले आणि आपापल्या घरी गेले. ही बातमी डोंगरभर झाली. दूरदूरच्या रानांतून आईबाप पोरांना घेऊन येऊ लागले, आणि पंचायतीने बलदंड मुख्याध्यापकाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

तात्पर्य : वरून लादलेलं मोठं ध्येय दगडावरच राहतं, सगळ्यांचं ऐकून, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं ध्येय प्रत्येकाच्या पायांत येतं, आणि मग सांगणारा जवळ नसला तरी कुणी वाट चुकत नाही.